करंगळीएवढं भोक

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या सरफराज मिस्त्रीचा लेथ अठराव्या दिवशी बंद झाला, तो कायमचा. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. सरफराजही तसंच धरून चालतो.

तर, अठ्ठ्याण्णव साली चंद्रपूरच्या भंगार बाजारात भंगारवाल्या नानाजींकडे दोन जुने लेथ होते. एक सहा फुटी, दणकट. दुसरा अडीच फुटी, झिजलेला. कातायची सळई जिथून ओवतात, त्या लहान्याच्या स्पिंडलच्या भोकात सरफराजने करंगळी घातली. ती अडकली, तसा त्याचा चेहरा खुलला.

"हा द्या."

"काऊन बा?" नानाजी म्हणाले. "अख्खी दुनिया मोठं भोक पाह्यते. तू बारीक पाहून राह्यला?"

"आमच्या इथी मोठं चालत नाई, नानाजी."

वीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर काम केल्यावर एक स्वतःचा, स्वतःच्या घरात असावा, एवढंच त्याला हवं होतं. पण एटापल्लीत लेथ आला की चौकशीला दोघं येणार: वर्दीतले आणि जंगलातले. दोघांच्याही डोक्यात एकच वस्तू असणार, बंदुकीची नळी. म्हणून जिच्यात नळी शिरणारच नाही अशी मशीन.

राहिला विजेचा प्रश्न. थ्री फेजच्या अर्जात 'कशासाठी' असा रकाना होता. तो पाहूनच सरफराजने अर्ज घडी घालून खिशात ठेवला. शेवटी शेजारच्या मनसारामभाऊंनी धानाच्या पंपाचं डिझेल इंजन दिलं. पट्टा चढवला, हँडल मारलं. इंजनाने ठो, ठो, ठो असे तीन बार उडवले. समोरचा चहावाला जंगू टेबलाखाली गेला. रस्त्यावरची शटरं पडली.

"अजी, बंद करा ना!" बायको मलिका आतून ओरडली. "बुश बनवून राह्यले का लढाई करून राह्यले?"

सतरा दिवस तो पंपाच्या दांड्यावर कड्यासारखे बसणारे बुश बनवत राहिला. बाहेर जीप थांबली की हात थांबायचा, जीप गेली तरी लवकर सुरू व्हायचा नाही.

अठराव्या दिवशी जीप गेली नाही.

"काय काय बनवतोस?" वर्दीतल्या साहेबांनी विचारलं.

"बुश, साहेब. सायकलचा अ‍ॅक्सल. बंदुकीची नळी यात जातच नाई. मुद्दाम पाहून घेतला."

साहेबांनी वही उघडली. "बंदुकीची नळी केवढी असते, तुला कसं माहीत?"

"नाई माहीत, साहेब."

"मग जात नाही, हे कसं माहीत?"

सरफराजने करंगळी वर केली. साहेबांनी तीही वहीत लिहून घेतली.

सकाळपासून जंगूकडे चहा पीत बसलेले दोन अनोळखी लोक दुपारी उठून आत आले. एकाने वाकून भोकात पाहिलं. आवाज अगदी मऊ होता.

"मिस्त्री, नळीचं माप तुले कोनं सांगतलं?"

संध्याकाळच्या आत पट्टा उतरला. इंजन मनसारामभाऊंकडे परत गेलं. आता लेथवर मलिका मिरच्या वाळत घालते. सरफराज रोज सकाळी त्या बाजूला सारतो, लेथच्या लोखंडी बेडला तेल लावतो, मिरच्या परत पसरतो.

त्याने एक अर्ज लिहिला, दोन प्रतींत. पहिली पोलीस ठाण्याला. दुसऱ्या प्रतीवर पत्ता काय घालावा, ते त्याला आजवर सुचलेलं नाही. मजकूर एकच:

'तरी, अर्जदारास बंदुकीच्या नळीचे माप माहीत नाही, पूर्वीही नव्हते व पुढेही असणार नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.'