सोंगातल्या वाघाचं नाव

फ्लेक्सचा धंदा केला की माणसाला थोबाडांचा वीट येतो. शहापुरात माझं दुकान आहे, वीस वर्षं झाली. वाढदिवस असो, कबड्डीचे सामने असोत, नाहीतर कोणाचं दहावं असो, प्रत्येकाला आपलं तोंड दहा बाय वीसवर पाहिजे. त्यामुळे आमच्या गावचा मनोज पेनड्राइव्ह नाचवत दुकानात आला तेव्हाच मी ओळखलं, हा पोरगा आज माझं डोकं खाणार.

"शेखरदादा, यंदा बोहाड्याचा झकास फ्लेक्स लावायचाय. सगळ्या सोंगांचे फोटो, शेजारी सोंग घेणाऱ्यांचे फोटो, खाली नावं."

"अरे शहाण्या, सोंग घेणाऱ्याचं नाव घेत नाहीत. तुझ्या बापाला विचार."

"तो जमाना गेला, दादा. यंदा पाहुणे यायचेत. शेवटच्या सकाळी सगळ्यांनी स्टेजवर मुखवटे काढायचे, शाल-नारळ घ्यायचा. कलाकारांना मान नको काय?"

बोलतो गोड, त्यामुळे जास्तच राग आला.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. होळी झाली की तिथे बोहाडा होतो. लाकडी मुखवटे चढवून देव, राक्षस, जनावरं गावातून नाचत जातात. एकेक सोंग एकेका घराचं. वाघाचं सोंग कमळूकाकाच्या घराचं. मुखवटा चढला की आतला माणूस संपला, त्याला नावाने हाक मारायची नाही. मारली तर सोंग मोडलं. हे माझ्याइतकं गावात कोणाला माहीत नसेल, कारण ते सोंग मी एकदा मोडलंय.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माझ्या मामाचं शहापुरात रद्दीचं दुकान होतं आणि तो येताना कॉमिकं घेऊन यायचा. कव्हर फाटलेली, कोणाच्या तरी पेनाने मिशा काढलेली. ती मी आणि कमळूकाकाची सुंदरा पेंढ्याच्या उडवीवर चढून वाचायचो. आमचा हिरो झंझावात. रात्री उडतो, पूल धरून ठेवतो, आणि दिवसा तालुक्याच्या कचेरीत चष्मा लावून टायपिंग करतो. साहेब ओरडला की खाली मान घालतो. काय दिवस होते! अंगाला पेंढा टोचायचा, खाली काकी हाका मारायची, आणि आम्ही एका पानावर दोन डोकी घालून बसलेलो. तसं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही, खरं सांगतो.

कमळूकाका म्हणजे गावातलं सगळ्यात गरीब गाय माणूस. चारचौघांत तोंड उघडायचा नाही. त्यात बोहाडा आला. वाघ नाचत आमच्यासमोर आला, डरकाळी फोडली, बाया मागे सरल्या. माझी नजर गेली पायाकडे. उजव्या पायाला करंगळी नव्हती. कमळूकाकाची करंगळी कोयत्याने गेलेली, हे मला ठाऊक. झंझावाताचं गुपित सापडल्यासारखा मला आनंद झाला आणि मी गर्दीतून बोंबललो, "कमळूकाका! मी वळखला!"

संबळ थांबला. वाघ जागच्या जागी उभा राहिला. मग काकाने दोन्ही हातांनी मुखवटा उतरवला आणि मान खाली घालून तसाच घरी गेला. त्यानंतर तीन वर्षं वाघ निघाला नाही. कोण ओरडलं ते गर्दीत कळलं नाही म्हणे. एकट्या सुंदराला माहीत होतं, ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझं नाव सांगितलं नाही, पण महिनाभर माझ्याशी बोलली पण नाही.

मग एक दिवस उडवीवर येऊन बसली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "नुसता चष्मा लावला तर झंझावाताला कोण कसा वळखत नाय गो?"

"वळखतात रे, येड्या," ती म्हणाली. "सगळे वळखतात. पन बोलत नाय कोन. म्हनून तर तो वाचतो."

तर मनोजचा पेनड्राइव्ह. त्यात गेल्या वर्षीचा व्हिडिओ होता. दुपारी दुकानात कोणी नव्हतं म्हणून लावला. वाघ आला. काय नाचत होता! जमिनीवरून फुटभर उडत होता. कमळूकाका आता चौऱ्याहत्तरचा, गुडघ्याने चार वर्षं झाली लंगडतो. मी व्हिडिओ थांबवला आणि मोठा करून पाय बघितला. उजव्या पायाला पाच बोटं होती.

मी गर्दी बघितली. काकाची बायको, बाईजाकाकी, उभी होती. काकाचा मुलगा बारकू उभा होता. तो कसाऱ्याला कामाला आहे, त्याला वाघ व्हायची लाज वाटते. सगळं घर दिसत होतं, नव्हती ती सुंदरा. आणि झेप घ्यायच्या आधी वाघ डाव्या पायावर दोनदा टुणटुण उडत होता. लंगडी खेळताना असं उडणारी आमच्या गावात एकच पोरगी होती.

मला आधी हसू फुटलं, मग रडू आलं. सुंदराला नवऱ्याने सोडली त्याला पंधरा वर्षं झाली. जाड भिंगाचा चष्मा लावून अंगणवाडीत खिचडी शिजवते. मॅडम ओरडते, खाली मान घालते. बाईने सोंग घ्यायचं नसतं. स्टेजवर तिने मुखवटा काढला असता तर घराचं सोंग गेलं असतं, आणि तिला गावाने काय काय म्हटलं असतं ते मला इथे बोलायचंही नाही.

रविवारी गावी गेलो. आधी काकाच्या घरी. काका ओट्यावर गुडघा चोळत होता. सुंदराने चहा आणून ठेवला.

"यंदा वाघ निघनार नाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बाबांना जमत नाय आता. मनोजला मुखवटा देऊन टाकनार. ठेव म्हनावं ग्रामपंचायतीच्या कपाटात."

काका गुडघा चोळतच राहिला. दारामागे पांगाऱ्याच्या लाकडाचा तो वाघ टांगलेला होता, आणि सुंदरा बोलताना पदराने त्याचे कान पुसत होती. तिला मी काहीच विचारलं नाही. चहा तसाच ठेवून बोहाड्याच्या बैठकीला निघालो.

देवळापुढे बैठक बसली. देवरामबाबा मध्ये, वय नव्वदीला टेकलेलं, तंबाखू मळत. मनोजने मोबाइलवर प्लॅन दाखवला. तरुण पोरांना आवडला, म्हातारे चुळबुळ करू लागले, पण पाहुणे येणार म्हटल्यावर नको कोण म्हणणार? पाचेक मिनिटांत सगळं ठरलं असतं. मी उठलो. सेहेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"नाव घेतलं की काय होतं ते मी सांगतो. वाघ तीन वर्षं बंद होता, आठवतंय? गर्दीत कोण वरडला ते तुम्हाला कळलं नाही. तो मी होतो. कमळूकाकाचं सोंग मी मोडलं. काका त्या दिवशी मान खाली घालून घरी गेला ते मला अजून दिसतं. मला जो दंड द्यायचा तो द्या. पण पुन्हा कोणाला तसं घरी पाठवू नका. हार घालायचा तर मुखवट्याला घाला. शाल मुखवट्यावर टाका. आतल्याला विचारू नका."

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. देवरामबाबाने तंबाखू गालात सारली.

"आमाला म्हाईत व्हता तूच," तो म्हणाला. "अख्ख्या गावाला म्हाईत. तुजा आवाज काय वळखू येत नाय? फाटक्या पिपानीसारका तुजा आवाज."

लोक हसले. मी बघतच राहिलो. "मग कोणी काही बोललं नाही ते?"

"अकरा वर्साचा पोर. बोलून काय तुला झाडाला टांगायचा व्हता?" बाबाने मनोजकडे बघितलं. "मनोज, मुखवट्याला हार. ठरला. अन् वाघ निंगनार. कमळूला सांगा, गुडगा बरा कर." मग उठता उठता हळूच म्हणाला, "चार वर्सं झाली, गुडगा बेस नाचतो त्याचा." म्हाताऱ्यांपैकी एकाचीही पापणी हलली नाही.

मला देवापुढे नाक घासायला लावलं आणि नारळ फोडायला लावला. मी आनंदाने घासलं.

फ्लेक्स मी छापला. त्यावर नुसते मुखवटे, एक नाव नाही, एक थोबाड नाही. वीस वर्षांत माझ्या हातून झालेलं एवढं एकच देखणं काम.

बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी, तांबडं फुटलं तेव्हा वाघ निघाला. कमळूकाका घराच्या माळ्यावर दार लावून बसलेला, संबळाच्या ठेक्यावर बोटं आपटत, एवढं मला बारकूने कानात सांगितलं. वाघ डाव्या पायावर दोनदा उडाला आणि झेपावला. मग नाचत नाचत बरोबर माझ्यासमोर येऊन थांबला. पस्तीस वर्षांपूर्वी मी जिथे बोंबललो होतो तिथेच. मुखवट्याच्या भोकांतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. चष्मा नव्हता. तिला मी धड दिसत तरी होतो की नाही, देव जाणे.

माझ्या घशात नाव आलं होतं. मी हात जोडले.

"वाघोबा," मी म्हणालो, "पोरांना सांभाळ."

वाघाने माझ्या टाळक्यात पंजा हाणला, चांगला सणसणीत, आणि पुढे गेला.

ऊन वर आल्यावर काकाच्या घरी चहाला गेलो. सुंदरा चुलीपाशी चष्मा लावून बसली होती. पाय पदराखाली घेतलेले, तरी बाहेर राहिलेल्या सोललेल्या टाचेला हळद लावलेली दिसत होती.

"बोहाडा बघितलास?" तिने विचारलं. "मला झोपच लागली रे. कसा नाचला वाघ?"

"बेस नाचला."

"वळखला कोन व्हता आत?"

मी कप खाली ठेवला. "नाय गो," मी म्हणालो. "वळखलाच नाय."

ती हसली, पेंढ्यावर बसून हसायची तशी, तोंडावर हात न ठेवता.