भोंग्याच्या तोंडात गोधडी

मित्रांनो, जरा मान वर करा. शिरवणे गाव संपतं आणि नेरूळचे सेक्टर सुरू होतात, तिथं कारखान्याच्या कुंपणाला लागून एक लोखंडी मनोरा आहे. त्याच्या टोकावर जो चंदेरी रंगाखाली गंजलेला, रुंद तोंडाचा, कावळ्यांनी घाण केलेला ऐवज दिसतो ना, तो मी. जुना भोंगा. कामगारांची पाळी सुटली हे सांगणारा भोंगा मी नव्हे. कारखान्यातून विषारी वायू सुटला, तर माणसांना ओरडून सांगायचं की जीव वाचवा, एवढ्यासाठीच मला जन्माला घातलं.

रबाळ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी घडलो. भोपाळात माणसं अंथरुणातच मेली, त्यानंतरचे ते दिवस. ओतीव लोखंडाचं अंग, पोटात पाती, ती गरगर फिरवायला मोटर. पहिल्यांदा मला फिरवलं तेव्हा शेडमधले कामगार कानांत बोटं घालून हसत बाहेर पळाले आणि टपरीवाल्याच्या हातून चहाची किटली पडली. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

मनोऱ्यावर चढवलं आणि नियम ठरला. दर सोमवारी सकाळी दहाला एकदा थोडा वेळ वाजायचं, म्हणजे भोंगा धड आहे हे लोकांना कळावं. एरवी कधी वाजलो आणि थांबलोच नाही, तर ओलं फडकं नाकाला धरायचं आणि वाऱ्याला आडवं पळायचं. शाळेतल्या पोरांना हे तोंडपाठ होतं. पुढं पुढं मी लोकांच्या सवयीचा झालो. सोमवारी मी वाजलो की गावातली सगुणा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन सेक्टरात निघायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या वैशालीताई कुकर लावायच्या. कुणी माझी पूजा करावी असं मला कधीच वाटलं नाही. ऐकलं म्हणजे पुरे.

या वैशालीताईंचे यजमान मधुकरराव. माझं बरंवाईट त्यांच्याच हातून झालं, म्हणून त्यांच्याबद्दल सांगतो. परळच्या चाळीत एका खोलीत नऊ माणसांत वाढलेला हा माणूस. नेरूळला फ्लॅट घेतला आणि शहराच्या प्रेमातच पडला. बँकेत नोकरी, सोसायटीचा सेक्रेटरी. रस्त्यावर कागद दिसला तर वाकून उचलणार, कुणी थुंकला तर त्याच्यामागं धावत जाणार. पाहुणा आला की चहाआधी त्याला गच्चीवर नेणार.

"बघा, तो पारसिकचा डोंगर, ही खाडी. रस्ते बघा केवढे! पानी चोवीस तास. एकविसाव्या शतकातलं शहर आहे हे, आमी आत्ताच राहायला आलोय!"

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आपल्या गावाचा अभिमान नसलेला माणूस मला उपरा वाटतो. पण अभिमान फुगला की त्याला कान उरत नाहीत, हे मी याच माणसाकडे बघून शिकलो.

एका सोमवारी त्यांचा मेहुणा शेजारचा फ्लॅट बघायला आला. गच्चीवर वर्णन रंगात आलेलं. नेमके दहा वाजले आणि मी वाजलो.

"हे काय हो, भावजी?" मेहुणा दचकला.

"काय नाय, टेस्टिंग असतं. कारखान्याचं."

"म्हणजे गॅस-बीस सुटतो की काय इथं? मुंबईत धक्के खाऊन मरायचं, ते परवडलं!"

मेहुणा हसत गेला, तो पुन्हा फ्लॅटचं नाव काढेना. मधुकरराव गच्चीच्या कठड्याशी उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेनं माझं लोखंड गार पडलं. पोटच्या पोरानं चारचौघांत अब्रू घालवली की बाप बघतो ना, तसं बघत होते.

पंचाण्णव साल. थंडीच्या सुरुवातीला सगळ्या सोसायट्यांनी मिळून 'सुंदर सेक्टर' स्पर्धा काढली. झाडांना गेरू-चुना फासला, भिंतींवर मोर आले. परीक्षक येणार सोमवारी दहाला. मधुकरराव मंडळी घेऊन कारखान्याच्या साहेबाकडे गेले. एक दिवस भोंगा बंद ठेवा म्हणाले.

"नियमानं मला बंद करता येत नाही," साहेब म्हणाला. "पण वर चढून कुणी काही केलं, तर मी थोडाच बघायला येतोय?"

हसत म्हणाला हो! आपल्या गळ्याचा फास लोक आपणच आवळून देतायत, मग साहेबाला हसू नाही येणार तर काय!

रविवारी दुपारी मधुकरराव मनोऱ्याची शिडी चढले. खाली शिडी धरायला त्यांचे शेजारी शौकतभाई. मूळचे उरणकडचे, लाकडाच्या वखारीचे मालक, स्वभावानं मोकळे.

"मधुभाई, जपून हां! पडलात तर पारितोषिक वहिनींच्या हातात द्यावं लागेल."

"तुमी शिडी धरा, जोक नंतर."

तोंडात कोंबायला गोधडी सगुणानं आणून दिली. "घे रं बाबा. माजी नात दचकून उठतं याच्या आवाजानं. मेला कवरा वरडतंय!" गावची जमीन कारखान्याला गेली तेव्हा हीच सगुणा विरोधात रस्त्यावर बसली होती. तिनंही गोधडी दिली. गाव काय आणि सेक्टर काय, झोप सगळ्यांना प्यारी.

एकट्या वैशालीताई, लेकीचा हात धरून, खालून म्हणाल्या, "अहो, आणि खरंच वाजायची वेळ आली तर?"

"आपल्या शहरात तसं काय होत नाय, वैशाली."

"एक दिवसाचा तर मामला आहे, वहिनी," शौकतभाई म्हणाले. "मंगळवारी काढून टाकू."

गोधडी दाबून दाबून माझ्या घशात गेली. वरून नायलॉनची दोरी आवळली. ओंगळ दिसू नये म्हणून त्यावर स्पर्धेचा कापडी फलक बांधला. मधुकरराव उतरताना मला थोपटून गेले. थोपटून!

सोमवारी मी वाजलो, पण उशीखाली तोंड दाबलेल्या माणसासारखा. परीक्षक खुश झाले. ढाल मिळाली, ताशा वाजला, पेढे वाटले. मंगळवार आला आणि गेला. पुढचा सोमवार आला. लोक म्हणू लागले, बरी शांतता आहे. वैशालीताई रोज आठवण करायच्या. मधुकरराव म्हणायचे, "काढतो गं, टेन्शन नको घेऊ." कारखान्याचा वॉचमन जोतीराम साहेबाला सांगायला गेला, तर साहेब म्हणाला, "घरघर येते ना? मग वाजतो म्हणून लिही."

मित्रांनो, तोंड बांधलेल्याला वास जास्त येतात. कारखान्यातल्या एका नळीच्या जोडातून ब्लिचिंग पावडरसारखा उग्र वास झिरपत होता. दिवसेंदिवस वाढत होता. मी सगळं जाणून होतो आणि मला कुणाला सांगता येत नव्हतं. यापेक्षा मोठी शिक्षा भोंग्याला असते का?

डिसेंबरातली सकाळ. डोंगराकडून सेक्टरांकडे गार वारा सुटलेला. तो जोड फुटला. पिवळट धूर कुंपणाखालून सरपटत बाहेर आला आणि जमिनीला धरून घरांकडे निघाला. जोतीरामानं धावत येऊन बटण दाबलं. मी जीव तोडून फिरलो. पात्यांत गोधडी गुरफटली, मोटर तापली, आतली तार जळायला लागली. बाहेर मात्र नुसती घरघर. शाळेच्या मैदानात पोरं खेळांच्या सरावाला उभी होती. त्यांत मधुकररावांची अबोली होती.

मधुकरराव बँकेत जायला निघाले होते. समोरून माणसं तोंडाला रुमाल लावून, खोकत येताना दिसली. वरून माझी घरघर ऐकू आली. हातातली बॅग टाकून ते मनोऱ्यावर चढले. दोरी नखांनी ओरबाडली, जळकी गोधडी खेचली. ती अर्धीच निघाली.

"वाज! वाज ना रे!" माझ्या तोंडावर बुक्क्या मारत राहिले.

माझी मोटर जळून गेली होती. मग तेच ओरडले. "पळा! वाऱ्याला आडवं पळा! शौकतभाई, शाळा!" शौकतभाईंनी वखारीचा टेम्पो काढला, पोरं भरली आणि धुराच्या बाहेर नेली. तेवढ्यात खाडीचा वारा फिरला आणि धूर मागं परतला. कुणी मेलं नाही. हा वाऱ्याचा उपकार, माणसांचा नाही. मैदानाच्या कुंपणालगतच्या रांगेतली पोरं तेवढी दवाखान्यात गेली. अबोलीच्या घशातून नीट आवाज निघेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.

आठवड्यानं सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. वर्तमानपत्राचा माणूस आला होता. कारखान्याचा साहेबही पहिल्या रांगेत, पाय लांब करून. मी मनोऱ्यावरून उघड्या खिडकीतून सगळं ऐकत होतो.

"सेक्रेटरीसाहेब, एकच विचारतो," तो माणूस म्हणाला. "भोंगा वाजला होता का?"

भिंतीवर ढाल चमकत होती. सगुणानं पदर तोंडाला लावला. मधुकररावांनी सगळ्यांकडे पाहिलं. एकही डोकं वर नव्हतं. खरं सांगावं तर उद्या पेपरात शहराचं नाव येणार, गोधडी येणार, हसणारे मेहुणे येणार.

"वाजला," मधुकरराव म्हणाले. "वेळेवर वाजला. आमचं शहर प्लॅन्ड आहे, साहेब. म्हणून तर पोरं वाचली."

टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी साहेबाच्या. आईच्या मांडीवरून अबोली घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, नाय वाजला." शेजारच्या शौकतभाईंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. वैशालीताई लेकीला उचलून हॉलबाहेर गेल्या. बाकी कुणापर्यंत तो आवाज पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. आणि मित्रांनो, पेपरात वाजलेला भोंगा कोण दुरुस्त करणार? सरकारी माणूस तपासायला आला, बातमी वाचून परत गेला. नळीचा जोड चिंध्या गुंडाळून चालवलाय. मला चंदेरी रंग फासलाय. माझ्या पोटात जळकी तार आणि अर्धी गोधडी अजून तशीच आहे. पाहुण्यांना गच्चीवरून आता मीही दाखवतात, "आमच्याकडे सेफ्टीसुद्धा आहे" म्हणून.

तुमचं तुमच्या शहरावर प्रेम आहे ना? असू द्या. पण त्याचं नाक वाहत असेल तर ते पुसा, पाहुण्यांपुढं तोंड झाकू नका. वर या, माझ्या तोंडात हात घाला, काय आहे ते बघा. मुलांनो, येत्या सोमवारी दहाला घरातला रेडिओ, टीव्ही बंद करा आणि कान द्या. काही ऐकू आलं नाही, तर ती शांतता आहे असं समजू नका. खाली सगळे निवांत आहेत. डोंगराकडून गार वारा सुटलाय, आणि वास पुन्हा येऊ लागलाय.