सतरा अक्षरं आणि तीन रेघा

आठ सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. घरात माणसं सात. फ्रिज दोन. शेगडीचे बर्नर चार, त्यातले चालणारे तीन. दाराबाहेर चिखलाचे बूट तेरा. चौदावा तीन आठवड्यांपूर्वी हरवला तो हरवलाच. फ्रीजरमध्ये डुकराचे पाय दोन, पेईशानताईच्या वाढदिवसाच्या शेवयांसाठी आणून ठेवलेले. डावीकडच्या फ्रिजच्या दारावर चुंबकांनी लावलेले कागद पाच. पेईशानताईच्या कागदावर पूर्ण अक्षरं सतरा आणि सुट्या रेघा तीन.

आम्ही तैवानची माणसं मोजताना पाच-पाचाचा गठ्ठा एका अक्षराने बांधतो. अक्षराचा अर्थ ‘बरोबर’. रेघा पाच: वर एक आडवी, तिच्या मधून खाली उभी, उजवीकडे छोटी आडवी, डावीकडे छोटी उभी आणि सगळ्यात शेवटी खाली पायासारखी लांब आडवी. रोज एक रेघ. अक्षर पुरं झालं की पाच दिवस झाले. सतरा पंचे पंच्याऐंशी आणि तीन, अठ्ठ्याऐंशी.

अठ्ठ्याऐंशीच हवे होते. ऑस्ट्रेलिया आम्हाला एक वर्ष राहायला, फिरायला आणि पोटापुरतं काम करायला परवानगी देते. दुसरं वर्ष हवं असेल तर गावाकडच्या शेतावर अठ्ठ्याऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं, आणि अर्ज एकतिसावा वाढदिवस उजाडायच्या आत जावा लागतो. आम्ही याला ‘व्हिसा गोळा करणं’ म्हणतो. लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानाची तिकिटं वहीत चिकटवून शेवटी एक कप फुकट मिळवायचो, तसं. पेईशानताई चौदा तारखेला एकतीस पूर्ण करणार होती.

ती न्हाऊन आली, डोक्याला टॉवेल तसाच, आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडून बसली. अर्ज भरून तयार होता. एक रकाना रिकामा होता, दिवसांचा.

“शुआन, एकदा बघ गं. तुझ्या नजरेखालून गेलं की मी बटण दाबते.”

“शास्त्रज्ञबाई आता सूक्ष्मदर्शक मागवणार,” क्वान भात ढवळता ढवळता म्हणाला. क्वान तैवानच्या दक्षिण टोकाकडच्या पिंगतुंगचा. आमची व्हॅन तोच चालवतो आणि म्हणून त्याला वाटतं की टोमणे मारायचा परवानाही त्याच्याकडेच आहे.

मी रसायनशास्त्र शिकले. एकदा केलेलं वजन हे वजन नसतं, असं आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात डोक्यात भरवतात. फ्रिजजवळचा दिवा गेलेला होता, म्हणून कागद काढून मी खिडकीशी नेला. ऊन तिरपं येत होतं. कागद हातात उलटा आला होता.

पेईशानताई कागद टेबलावरच्या मऊ प्लास्टिकवर ठेवून लिहायची आणि पेन दाबून चालवायची. तिरप्या उन्हात मागच्या बाजूला तिच्या सगळ्या रेघा उठून दिसत होत्या, बारीक वरंब्यांसारख्या. मी तिथूनच मोजायला सुरुवात केली. सहाव्या अक्षराला चारच वरंबे होते.

मी कागद सुलटा केला. सहावं अक्षर पूर्ण होतं, पाय अगदी सरळ. पुन्हा उलटा केला. चार.

कागद माझ्या वहीतला होता. त्याच्यावर काळ्या छापील रेघा होत्या, सात-सात मिलिमीटरवर. ताई लहान अक्षर काढायची आणि ते रेघेवर टेकवायची. दिवसभर ब्रोकोली कापून आलेल्या माणसाने संध्याकाळी चौथी रेघ काढली की खालची छापील रेघ पायासारखी दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी ती नवीन अक्षर सुरू करायची. सहावं, नववं, चौदावं, पंधरावं. चार अक्षरांना पाय नव्हते.

“ताई, चौऱ्याऐंशी आहेत.”

“काय चौऱ्याऐंशी?”

मी तिचं बोट धरून कागदाच्या मागून फिरवलं. सहाव्या अक्षरावर तिचं बोट थांबलं. तिने स्वतःच पुन्हा फिरवलं. तैवानात ती नर्स होती; तेच बोट, नाडी शोधल्यासारखं हळू.

“तुला उलटा करायला कोणी सांगितलं होतं?” ती म्हणाली.

“कोणी नाही.”

“मग?”

मी कागद सुलटा केला. क्वानकडे उत्तर असतंच. “लिही ना अठ्ठ्याऐंशी. दहातल्या एकाला तपासतात. माझ्या आत्तेभावाने शहाऐंशीवर अर्ज केला, आता मेलबर्नला कॉफी ओततोय.”

“आणि तपासला जातो तो दहावा?” मी विचारलं.

“तो पण कॉफीच ओतत असेल. खरं तपासतंय कोण?”

ताईने लॅपटॉप मिटला. टॉवेल सोडून केस पुसायला लागली आणि पुसतच राहिली, केस कोरडे झाले तरी. मी मनात तारखा मांडत होते. शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. रविवारी शेत बंद. बरोबर चार दिवस. एकही जास्तीचा नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला दव इतकं होतं की पहिल्या ओळीतच मोजे भिजले. आम्ही ट्रॅक्टरच्या मागे चालत होतो, डाव्या हातात गड्डा, उजव्या हातात सुरा. ट्रॅक्टर थांबत नाही, त्यामुळे बोलणं तुकड्या-तुकड्यांनी होतं.

“रागावलीस माझ्यावर?”

“हो.” एक गड्डा ट्रॅक्टरमागच्या फिरत्या पट्ट्यावर. “नंतर नाही.” आणखी एक. “तिकडे च्याई शहरातल्या रुग्णालयात मी सहा वर्षं होते. एकदा बारा खाटांचं तापमान न घेता लिहिलं. छत्तीस पूर्णांक सहा, छत्तीस पूर्णांक आठ, पुन्हा छत्तीस पूर्णांक सहा. अगदी खऱ्यासारखं दिसत होतं.”

“कोणाला काही झालं?”

“नाही झालं कोणाला काही.” तिने तीन गड्डे कापले. “म्हणून तर तसंच चालू राहिलं. मग मलाच कळेना, मी लिहितेय ते कुठलं घेतलेलं आणि कुठलं मनातलं. तेव्हा सोडली नोकरी. आई म्हणाली एक वर्ष फिरून ये, डोकं ठिकाणावर येईल. एका वर्षात कुठे येतंय?”

डॅरेन हा आमचा मुकादम. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या हजेरीवहीत बघितलं. शुक्रवारपर्यंत चौऱ्याऐंशी. वही मिटता मिटता तो म्हणाला, “सोमवारी कापणी नाही, पोरींनो. थंड खोली गच्च भरलीय. झोपा काढा.”

ताईच्या हातातलं उकडलेलं अंडं तसंच राहिलं.

“दुसरं काहीतरी काम द्या.”

“दुसरं काय? कांद्यातलं गवत आहे. ते कोणी मागून घेत नाही.”

“मी घेते.”

“पाठ मोडेल.”

“मोडू द्या.”

डॅरेनने माझ्याकडे पाहिलं, ही बरी आहे ना, अशा नजरेने. मी म्हटलं, “दोघींना द्या.” माझे दिवस तेव्हा एकाहत्तर होते आणि मला कसलीही घाई नव्हती. पण कागद माझ्या वहीतला होता.

रविवारी वेळ जाता जात नव्हता. ताईने फ्रिज पुसला, दोन्ही. तेरा बूट धुऊन जोड्यांनी लावले आणि तेराव्याला एकट्यालाच भिंतीशी उभं केलं. दुपारी तिच्या आईचा फोन आला.

“वाढदिवसाला डुकराच्या पायाच्या शेवया खा. तोडू नकोस शेवया. लांब शेवई, लांब आयुष्य.”

“आणलेत पाय.”

“तुझ्या भावाचं लग्न जानेवारीत ठरतंय. तोवर येशील ना?”

“बघू.”

“बघू म्हणजे? व्हिसा संपतोय ना ऑक्टोबरात?”

“बघू म्हटलं ना, आई.”

फोन ठेवल्यावर ती अंगणात जाऊन उभी राहिली. आत आली. पुन्हा गेली. क्वान सोफ्यावरून म्हणाला, “ताई, दाराचं बिजागर झिजेल.” तिने त्याच्या अंगावर उशी फेकली. घरात त्या दिवशी तेवढंच हसू झालं.

सोमवारी कांद्याच्या ओळी. एक ओळ दोनशे चाळीस मीटर. मी पावलांनी मोजली. गवत कांद्याच्या पातीसारखंच दिसतं, फरक फक्त बुडाशी. वाकून राहायचं, उभं राहिलं की डोळ्यापुढे काळं येतं. ताईने नऊ ओळी केल्या, मी सात. संध्याकाळी तिने कागद काढला आणि पेन घेऊन सहाव्या अक्षराकडे गेली. शनिवारीही तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

“शनिवारची?”

“आज दोन काढते,” ती म्हणाली. “शनिवारी हात धजला नाही.” तिने छापील रेघेच्या वरूनच सहाव्याचा पाय काढला, मग नवव्याचा. पुढून कागद आधीसारखाच दिसत होता.

मंगळवारी कापणी सुरू झाली. चौदाव्याचा पाय.

बुधवारी सकाळपासून पश्चिमेकडे आभाळ जड होतं. ताई दर ओळीच्या टोकाला वळताना वर बघायची. या शेतावर पूर्ण दिवस म्हणजे सात तास छत्तीस मिनिटं. डॅरेन त्याहून कमी असेल तर हजेरीत अर्धा लिहितो. आम्ही साडेसहाला सुरुवात केली होती. अकरा पन्नासला पहिले थेंब आले, अकरा पंचावन्नला ट्रॅक्टर रुतला.

“संपलं!” डॅरेनने हात हलवला. “घरी चला सगळे.”

पाच तास पंचवीस मिनिटं. क्वानने व्हॅनचा भोंगा वाजवला. बाकीचे धावत सुटले. ताई हलली नाही. पाऊस तिच्या टोपीवरून कानात जात होता.

“डॅरेन, शेडमध्ये काम आहे?”

“शेडमध्ये माणसं आहेत.”

“दोन तास अकरा मिनिटं हवी आहेत मला.”

“काय हवंय?”

“दोन तास अकरा मिनिटं.” आकडा माझा होता, मघाशी मीच तिच्या कानात सांगितला होता. “उद्या मी एकतीस पूर्ण करते. अर्ज आज जायला हवा.”

डॅरेनने तिच्याकडे नीट पाहिलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच बहुतेक. “मला वाटलं बावीस असशील.”

“सगळ्यांना तसंच वाटतं.”

“माझ्या बायकोला नको सांगूस. ती विचारेल चेहऱ्याला काय लावतेस.” त्याने शेडकडे अंगठा केला. “मार्गीला सांग, मी पाठवलंय. आणि तू कुठे निघालीस?”

“तिच्याबरोबर,” मी म्हटलं.

शेड सांभाळणाऱ्या मार्गीने आम्हाला फिरत्या पट्ट्याच्या शेवटी उभं केलं. ब्रोकोली येते, पिवळा पडलेला गड्डा बाजूला, उरलेले अठरा-अठरा पेटीत, वर बर्फ. मी घड्याळ बाही वर करून मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलं. बारा वाजून दहा मिनिटांनी पहिली पेटी. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की बोलणं शक्यच नव्हतं. ताईची बोटं बर्फाने लाल झाली. एकदा तिने भुवया उंचावून विचारलं, मी बोटांनी सांगितलं: एक तास आणि तीन मिनिटं झाली. नंतर तिने विचारलं नाही. पट्टा अधूनमधून थांबायचा, तेव्हा ती पेट्यांचे कोपरे एकसारखे करत राहायची, हात रिकामे ठेवायचेच नव्हते.

दोन वाजून एकवीस मिनिटांनी मी घड्याळ दाखवलं. ती आणखी एक पेटी भरत होती. ती भरली, बर्फ टाकला, मग हात पुसले. दोन सत्तावीस. पाच पंचवीस आणि दोन सतरा, सात तास बेचाळीस मिनिटं. डॅरेनने वहीत पूर्ण दिवस लिहिला आणि खाली सही केली.

व्हॅन अजून फाटकापाशी होती. बाकीचे दुसऱ्या गाडीतून गेले होते. क्वानचे पाय खिडकीच्या काचेला टेकलेले, तोंड उघडं.

“थांबलास?” ताई म्हणाली.

“झोपलो होतो. थांबणं वेगळं.” त्याने चावी फिरवली. “शास्त्रज्ञबाई, किती?”

“घरी गेल्यावर सांगते.”

घरी सव्वातीन वाजले. लॅपटॉप टेबलावर उघडला, रकाना अजून रिकामा. ताईने फ्रिजवरचा कागद काढला, प्लास्टिकवर ठेवला आणि पंधराव्या अक्षराचा पाय काढला, सावकाश, पेन दाबून. कागद शुक्रवारी दिसत होता अगदी तसाच दिसत होता: सतरा अक्षरं, तीन रेघा.

“बघ,” ती म्हणाली आणि कागद स्वतःच उलटा करून माझ्यापुढे सरकवला.

बाहेर पाऊस होता, खिडकीत ऊन नव्हतं. मी डोळे मिटले आणि बोटाने पहिल्या वरंब्यापासून सुरुवात केली. क्वानने भाताखालची शेगडी बंद केली, आवाज नको म्हणून. मी एकदा मोजले, मग उलट दिशेने पुन्हा मोजले.

अठ्ठ्याऐंशी. दोन्ही वेळा.