हवेत फिरणारं चाक

गॅरेजच्या मागच्या अंगणात अकरा इलेक्ट्रिक स्कूटर रांगेत उभ्या होत्या. सगळ्या जुन्या, दुसऱ्याने वापरून विकलेल्या, आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या मेलेल्या. मालक मात्र भलतेच जिवंत होते. कोणी भिंतीवर चढून बसलं होतं, कोणी फोन उंच धरून चित्रण करत होतं.

कोपऱ्यातल्या खोलीचा पडदा सरला आणि करंटगुरू एक निळी स्कूटर ढकलत बाहेर आले. त्यांनी ती मोठ्या स्टँडवर चढवली. मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर लटकलं.

"शास्त्रज्ञ म्हणतात, मेलेली बॅटरी उठत नाही," गुरू म्हणाले. "खरंय! त्यांच्याकडून नाही उठत. ते तिला प्लस-मायनस विचारतात. मी विचारतो, कशी आहेस बाई? पाव तास पोटावरून हात फिरवतो. प्रेमाने माणूस उठतो, बॅटरी का उठणार नाही?"

त्यांनी किल्ली फिरवली. चार्ज दाखवणारा काटा सरसर चढला आणि हिरव्या पट्ट्याच्या टोकाला टेकला. मूठ पिळताच चाक भिरभिरायला लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

निळी स्कूटर वहिनीची होती. तिने नणंदेचा दंड घट्ट धरला. "बघितलंत ना वन्सं? मेकॅनिक म्हणाला होता, भंगारात टाका!"

नणंद शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. वीस वर्षं तिने परीक्षानळ्या धुतल्या होत्या आणि मुलांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त केली होती. तिने टाळी वाजवली नाही. तिची नजर चाकावर होती.

"उद्यापासून मी हिला स्कूटरवरच नेणार," वहिनी म्हणाली. ही म्हणजे तिची सात वर्षांची मुलगी. तिला ऐकू येत नव्हतं आणि तिची शाळा मोठ्या पुलापलीकडे होती. दोन बस बदलून जाताना पहिला तास रोज बुडायचा.

पुलाचा चढ नणंदेच्या डोळ्यांपुढे आला. मागून ट्रक येतात, आणि कडेला थांबायला हातभर जागा नाही. मागे बसलेल्या पोरीला हॉर्नही ऐकू येणार नाही.

"घेऊन जाऊ या मग. चालवत," ती म्हणाली.

"छे छे!" गुरू मध्येच आले. "आज चाक जमिनीला लावायचं नाही. शक्ती मुरू द्या. टेम्पो तयार आहे, घरापर्यंत सोडेल."

"का हो? बरा झालेला माणूस खाटेवरून घरी जातो का?"

दोघंतिघं हसले. गुरू हसले नाहीत. "ताई, शंकेने शक्ती गळते. या दूधवाल्यांना विचारा."

दूधवाला मान खाली घालून पुढे आला. "माझी गेल्या आठवड्यात इथे उठली होती. दुसऱ्या दिवशी चौकात बंद पडली, दूध सगळं रस्त्यावर. घरात कुणीतरी शंका घेतली असणार. बायकोशी तेव्हापासून बोलत नाही मी."

"तिने घेतली होती शंका?"

"ती नाही म्हणते. पण घेतल्याशिवाय बंद पडेल कशी?"

नणंदेला आता हसू येईना. "वहिनी, स्टँड काढ आणि बस. गेटपर्यंत फक्त."

"अविश्वासाची छाया पडलेली असताना नाही चालायची!" गुरूंनी दोन्ही हात पसरले.

"मग छाया मी घेऊन जाते," नणंद म्हणाली. "भिंतीपलीकडे उभी राहते. इथे सगळे तुमचेच भक्त. आता तर हरकत नाही?"

गर्दीतून कुणी म्हणालं, "बरोबर बोलतायत ताई. दाखवाच गुरू!" गुरूंना काही सुचायच्या आत ती पुतणीचा हात धरून गेटबाहेर पडली.

भिंतीपलीकडून तिला नुसते आवाज ऐकू येत होते. स्टँड काढल्याचा खट्ट. मोटरची गुरगुर. मग एक बारीक कण्हणं, एक टिक्, आणि शांतता. पुन्हा टिक्. पुन्हा शांतता.

"अहो ताई," दूधवाल्याचा आवाज आला, "आत या जरा."

वहिनी स्कूटरवर बसलेली होती. स्कूटर दोन पावलं सरकून थांबली होती. मूठ पिळली की काटा धाडकन खाली यायचा, सोडली की हळूहळू वर चढायचा.

नणंद सरळ कोपऱ्यातल्या खोलीत गेली. गुरू आडवे आले, पण दूधवाला त्यांच्याहून आडवा होता. फळकुटाच्या मंचाखाली एक चार्जर होता, हात लावला तर अजून गरम. अकराही जणांच्या घरी होता तसलाच.

"पोटावरून हात हा फिरवतो," ती म्हणाली.

"पण चार्ज तर मीही घरी करतो," दूधवाला गोंधळला. "माझ्याही घरी काटा भरतोच की!"

"भरतो ना? घरी काटा भरला तर तुम्ही म्हणता, काटा खोटा आहे. इथे तोच भरला की टाळ्या वाजवता. घरी तुम्ही लगेच बसून निघता, म्हणून खोटं उघडं पडतं. इथे बसूच देत नाहीत."

"पण चाक फिरलं की!"

"गाळाने भरलेली टाकी घ्या. दोन तांबे पाण्यात काठोकाठ भरते आणि दोन तांब्यांत रिकामी होते. काटा पाण्याची पातळी सांगतो, पाणी किती आहे ते सांगत नाही. तुमच्या बॅटरीत असाच थर साचलाय. हवेत चाक फिरवायला दोन तांबे पुरतात. माणूस ओढायला टाकी लागते."

गुरू पुटपुटले, "विज्ञानाला सगळंच कळत नाही."

"नाही कळत. हे मात्र कळतं."

वहिनी अजून सीटवरून उतरली नव्हती. मागच्या रिकाम्या जागेवर तिने हात ठेवला होता. "वन्सं, उद्या पुलाच्या मध्यावर..."

पुतणीने आईचा चेहरा पाहिला आणि खुणेने विचारलं, काय झालं? नणंदेने खुणेनेच सांगितलं, काही नाही, वेळेवर कळलं.

चमत्कार पाहायला गेलात तर जरूर डोळे भरून पाहा. पण जी वस्तू ज्या कामासाठी आहे, ते काम तिच्याकडून तिथल्या तिथे करून घ्या. औषध असो, यंत्र असो की माणूस असो. तपासून पाहिल्याने खऱ्या गोष्टीचं काहीच बिघडत नाही. आणि जो तुमच्या शंकेलाच दोष देतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी मुलीला घेऊन दोन बस बदलत गेली. पहिला तास बुडाला. दुसऱ्या तासाला मुलगी वर्गात होती.