दोरीचं दुसरं टोक

“किती दिसत्यात गं?”

“एक मोठी, एक तिच्याहून ल्हान. अन् मधी एक मरतुकडी, इझत आल्यागत.”

काळोख्या खोलीत भिकाजी मेणबत्ती धरून उभा होता आणि त्याची बायको इंदुबाई पितळेच्या एका जाडजूड नळकांड्यात डोकावून आतल्या ज्योती मोजत होती. ते कॅमेऱ्याचं भिंग होतं. कॅसलरॉक सोडून विलायतेला गेलेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात भिकाजीनं ते उचललं होतं. त्यावर ना कारखान्याचं नाव, ना गाव. असलं बेवारशी भिंग ओळखायचं कसं, हे तो बेळगावला फोटोच्या उस्तादांकडे शिकला होता. आतली प्रत्येक काच ज्योतीचं प्रतिबिंब परत धाडते, आणि दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असल्या की मधलं प्रतिबिंब फिकट पडतं.

“आता मागच्या अंगानं बघ.”

“समद्या झगझगीत हाईत. एकच तिळाएवढी, उलटी लोंबतीया.”

“म्हंजे पुढच्या काचा चिकटल्याल्या, मागच्या सुट्या!” भिकाजी लहान पोरासारखा हरखला. “अगं, हे चेहऱ्याचं भिंग हाय. मधी पापणी न् पापणी मोजून घ्यावी, अन् भोवतालचं समदं इरघळून जातं बघ.”

ज्योती तिनंच मोजायच्या, कारण भिकाजीला एका ज्योतीच्या जागी आता नुसता धुक्याचा गोळा दिसे. डोळ्यांवर पडदा उतरत चालला होता आणि बेळगावच्या डॉक्टरनंही हात टेकले होते. गोव्याची गाडी हद्दीवरच्या कॅसलरॉकला जकातीच्या तपासणीसाठी थांबली की कंटाळलेले उतारू स्टेशनाजवळच्या त्याच्या छपरात फोटो काढून घ्यायला येत. अलीकडे भिकाजी कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात डोकं घालायचा ते शोभेपुरतं. मागून इंदुबाई ‘कापड सारखं करते’ म्हणून आत शिरायची आणि कॅमेऱ्याच्या पाठच्या धुरकट काचेवर चेहरा नीट उमटला की नाही ते बघून त्याला हळूच सांगायची. सगळ्या कॅसलरॉकला हे ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडावर कुणी बोललं नाही. माणसं चांगली होती.

मात्र कॅमेऱ्यामागे जन्म काढलेल्या या बाईचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. रोजचं भिंग माणूस, खुर्ची आणि मागची कुंडी सगळं एकाच मापानं दाखवी. भिकाजीला कुंडी नको होती, इंदू हवी होती. उरलासुरला उजेड जायच्या आत तिचा एक फोटो आपल्या हातानं काढायचा, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची, आणि फोटोवाल्याचं हत्यार कॅमेरा. नव्या भिंगाचं पितळ काळवंडलेलं इंदुबाईला कसं खपावं? तिनं आटे फिरवून काचा अलगद काढल्या, जुन्या मऊ धोतरात ठेवल्या, नळकांडं चिंचेनं घासून लखलखीत केलं आणि सगळं परत बसवून वर हळदकुंकू लावलं.

दसऱ्याला ते भिंग कॅमेऱ्याला चढवून पारखायला भिकाजी स्वतः खुर्चीत बसला आणि इंदुबाई कापडाखाली शिरली. बराच वेळ ती नुसती भिंग मागेपुढे करत राहिली.

“अवो, समदं दुधात बुडल्यागत दिसतंय.” तिनं डोळे चोळले. “माजंबी डोळं गेलं काय वो?”

आपले डोळे गेले ते भिकाजीनं सोसलं होतं; तिचेही जावेत, हे त्याला सोसणार नव्हतं. तो चाचपडत उठला, भिंगाला हात लावला आणि थबकला. बोटांना चिंचेचा चिकटा लागला.

“काल काय केलंस ह्याला?”

“घासलं की. समईवाणी.”

पुन्हा मेणबत्ती पेटली. या खेपेला मागची ती तिळाएवढी ज्योत कुठेच नव्हती. तिच्या जागी चांगली ठसठशीत ज्योत बसली होती. एक काच उलटी गेली होती.

“नशीब माझं,” भिकाजीला हसू आवरेना, “वात घालून तेल न्हाई वतलंस!” आणि हसता हसता त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

काच सुलटी झाली आणि धुरकट काचेवर भिकाजी स्वच्छ उमटला, कॅमेऱ्याच्या रीतीप्रमाणे खाली डोकं वर पाय. पण हे भिंग मोठं खट्याळ. माणूस बोटभर पुढेमागे झाला की चेहरा गेलाच. जागा बदलून ती खुर्चीत बसली की धुरकट काचेवर तिला नीट कोण बघणार? भिकाजीनं खुर्चीतूनच सुताची दोरी मागितली, एक टोक तिच्याकडून भिंगाला बांधून घेतलं, दुसरं आपल्या नाकाच्या शेंड्यापर्यंत ताणून तिथं गाठ मारली. मग तिला खुर्चीत बसवलं.

“गाठ नाकाला लाव. दोरी ताठ झाली की हलू नगंस.”

“गावातल्या बाया बघितल्या तर काय म्हनतील!”

“म्हनतील, नवऱ्यानं येसण घातली. गप बस.”

त्यानं भिंगाचं टोपण काढलं, श्वास रोखला आणि पुन्हा लावलं.

फोटोची काच धुऊन वाळली, कागदावर फोटो उतरला. भिकाजीनं तो नाकाशी नेला, उजेडाकडे धरला आणि तिच्या हातात दिला.

“सांग.”

“नथ आलीया. मोतीसुदीक. सुरकुत्याबी आल्यात मेल्या. मागचं छप्पर कुटंच न्हाई.” ती अडखळली. “अन् दोरी आलीया वो. नाकाला धरल्याली. तुमी सोड म्हणलासाच कुटं?”

पुढे भिकाजीचा उजेड पुरता गेला. कॅमेरा खानापूरच्या माणसाला विकला, भिंग आणि दोरी मात्र घरातच राहिली. कधीमधी संध्याकाळी तो ओट्यावर बसून दोरीचं एक टोक हातात घ्यायचा आणि दुसरं पुढे धरायचा. इंदुबाई हातातलं काम टाकून यायची, समोर बसायची आणि गाठ नाकाला लावायची. दोरी ताठ व्हायची.

“दिसलीस,” भिकाजी म्हणायचा.

तो सोड म्हणेपर्यंत ती हलायची नाही.