मष्णूच्या कानांवर अडकलेलं हेल्मेट

पंचाहत्तर टक्क्यांच्या वरचा दाखला मिळाला, तर उचगावच्या महादेवची अपंग पेन्शन वाढणार होती आणि वाढीव पैशात स्कूटरचं पेट्रोल भागणार होतं. बायको जयाबाईने खुडलेली भाजी तो त्याच स्कूटरवरून शहरातल्या खासबागेत नेऊन विकायचा. मागे दोन जादा चाकं, ब्रेक हातात. पहिल्यांदा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा सत्तर टक्के लिहिले होते. गेल्या साली साखरेने जखम चिघळली आणि गुडघाही गेला. टक्के वाढायलाच हवे होते.

पण या हिशेबात मेहुणा मष्णू धरलेला नव्हता. खासबागेत राहायला गेल्यापासून त्याला सगळ्या जगाचं कळायचं. गाडी चालवणाऱ्याला डॉक्टर अपंग म्हणतील कसे, आहे ती पेन्शनही काढून घेतील, असं त्याने बहिणीला इतकं पटवलं की तिची झोप उडाली. शेवटी ठरलं, स्कूटर मष्णूच्या दारात लावायची आणि पुढे दवाखान्यापर्यंत रिक्षाने जायचं. भाडं मष्णू देणार, हा एकच मुद्दा महादेवला मनापासून पटला.

दवाखान्यात डॉक्टर सौम्यांनी आधी कुबडी बघितली, मग कुबडीच्या मुठीला लटकलेलं हेल्मेट. गाडीवर ठेवलं तर कुणीतरी उचलून नेतं, म्हणून महादेवने सवयीने ते बरोबर घेतलं होतं.

"हे कुणाचं?"

"माझं," मष्णू म्हणाला.

"घाला बघू."

मष्णूचं डोकं आकाराने आधीच गावात नावाजलेलं. हेल्मेट कानापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. ना खाली, ना वर. दारातली माणसं हसायला लागली. महादेवला मात्र हसू येईना. असलेली पेन्शनही गेली, आता घरी काय सांगायचं?

"माझं हाय, डॉक्टर," तो म्हणाला. "गाडी मीच चालवतो. तिच्यावरच घर चालतंय."

"मग चालवा की. गाडी चालवली म्हणून पाय उगवतो व्हय? मी पाय मोजते, गाडी न्हाय."

त्यांनी टेप लावली, पाय कुठवर उरलाय ते बघितलं आणि ऐंशी लिहिले. लबाडीचे टक्के लिहायला रकाना नाही, नाहीतर या पाहुण्यांना शंभर दिले असते, असंही मष्णूकडे बघत म्हणाल्या.

शेवटचा हिशेब असा जमला: महादेवला ऐंशी टक्के, जयाबाईला झोप. रिक्षाचं जाता-येताचं भाडं मष्णूने भरलं, आणि हेल्मेट ओढून काढताना सोलवटलेला कानही त्याचाच.