पुढे ढकललेली दिवाळी

सातपुड्यात दिवाळी एका दिवशी नसते, हे लीलाधर चौधरीने संस्थेला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वर्षी तो सभेत उभा राहिला तेव्हा सचिव रतिलालभाई म्हणाले, "आलं, लीलाधरचं दिवाळीपुराण आलं." सगळे हसले. त्यानंतर त्याने तो विषय सभेत काढला नाही.

संस्था जळगावची. यावलच्या उत्तरेला, केळीच्या बागा संपून डोंगर चढायला लागतो तिथे, पावरा आदिवासी मुलामुलींसाठी तिचं एक वसतिगृह होतं. लीलाधर तिथला गृहपाल. पाड्यांवरची दिवाळी ज्वारी घरात आल्यावर येते, पौषात नाहीतर माघात. एका पाड्याच्या दिवाळीला दुसऱ्या पाड्याचे पाहुणे जातात आणि ढोलवालेही तेच असतात, म्हणून प्रत्येक पाड्याचा दिवस वेगळा. जाणती माणसं बसून तो ठरवतात. संस्था मात्र यावलच्या बाजारपेठेबरोबर आश्विनात सुट्टी देई. मुलं तेव्हा घरी जाऊन शेळ्यांमागे हिंडून परत येत आणि पौषात, आपल्या खऱ्या दिवाळीला, निघून जात. जळगावच्या कार्यालयात त्याला 'मुलं पळाली' असं म्हणत.

त्या वर्षी हे फार महागात पडणार होतं. वसतिगृहाला मदत करणाऱ्या मुंबईच्या ट्रस्टने कळवलं होतं की मुलं खरोखर राहतात का, ते आम्ही येऊन पाहू. राहत नसतील तर जूनपासून हे वसतिगृह बंद, मुलं संस्थेच्याच धुळ्याच्या वसतिगृहात. मुंबईत बसून पाहिलं तर धुळं काही लांब नव्हतं. पण पाड्यावरच्या बापाचा हिशेब साधा होता. जिथून चालत जाऊन पोर घरी आणता येतं, तिथेच ते ठेवायचं. वसतिगृहातली मोगरा सातवीत होती. तिच्या पाड्यावरून सातवीपर्यंत आलेली ती पहिली मुलगी. धुळं म्हटल्यावर तिचं नाव त्याच दिवशी शाळेतून निघालं असतं, आणि तिच्यामागून बाकीच्यांचं.

ट्रस्टचे पाहुणे संक्रांतीनंतरच्या सोमवारी येणार होते. मुलांपैकी बहुतेक सागझिरी पाड्याची, आणि सागझिरीची दिवाळी नेमकी त्याच सोमवारी ठरली होती.

लीलाधर डोंगर चढून बिजला आबांकडे गेला. पाड्यात त्यांचा शब्द चाले. बिजला आबा खळ्यात बसून दोर वळत होते. लीलाधरने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आबा, दिवाळी दोन-चार दिवस पुढे नाही का जाणार?"

"दिवाळी म्हणजे काय एस्टी शे का भाऊ, उशिरानं सोडायला?"

"मला दुसरा रस्ता दिसत नाही."

"समदा पाड्यास्ना निरोप गया. ढोलवालाले बी सांगेल शे." आबांनी दोराला पीळ दिला. "तुमनी दिवाळी कधी कोणी पुढे ढकलेल शे का?"

"नाही."

"मंग आमनी का?"

लीलाधर बसून राहिला. आबांनी दोर पुरा केला, टोकाला गाठ मारली आणि मग आणखी दोन म्हाताऱ्यांना हाक मारली. बराच वेळ त्यांचं त्यांच्या बोलीत चाललं. एक म्हातारा उठून गेला तो परत आलाच नाही. अखेर ठरलं, गुरुवार. पुन्हा निरोप पाठवायचे, ढोलवाल्यांची समजूत घालायची. ज्या पाड्याचा गुरुवार होता त्या पाड्याला शुक्रवारावर न्यायचं, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांची बोलणी खायची.

"एकच डाव," आबा म्हणाले. "आता ही काही फिरनार नही."

रविवारी दुपारी केळीचे व्यापारी पंडितशेठ यांच्या वखारीत फोन आला. आसपास तेवढाच फोन होता. रतिलालभाई बोलत होते. पाहुण्यांना धुळ्याला एका कार्यक्रमात अडकवून घेतलंय, तेव्हा सोमवार रद्द. "गुरुवारी घेऊन येतो त्यांना. तुलाही तयारीला वेळ मिळेल."

लीलाधर म्हणाला, "रतिलालभाई, गुरुवार सोडून कोणताही दिवस घ्या."

"का?"

"सागझिरीची दिवाळी आहे."

"ती तर सोमवारी होती ना? तूच म्हणाला होतास."

"तुमच्यासाठी गुरुवारी नेली."

"मग परत सोमवारी आण," रतिलालभाई सहज म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, पाहुण्यांचं परतीचं आरक्षण शुक्रवारचं आहे. मुलं कुठे जातात? फाटक आहे, कुलूप आहे. दुपारपर्यंत थांबव आणि मग सोड."

लीलाधरने बुधवारी फाटकाला लावायला खरंच कुलूप शोधून ठेवलं. गुरुवारी उजाडायच्या आधीच डोंगरावरून ढोल ऐकू यायला लागला. मुलं आंघोळी करून, केसांना तेल लावून अंगणात उभी होती. भांडायला कोणी आलं नाही. मोगरा तेवढी पुढे आली.

"भाऊ, जायचं ना?"

"पाहुणे येणारेत."

"पण आबांनी दिवाळी पाहुण्यांसाठीच आज ठेवली ना?"

मागून एकाने विचारलं, "पाहुणे दिवाळीला येणारेत का?" आणि सगळी हसली.

लीलाधरने कुलूप खुंटीला अडकवलं आणि फाटक उघडलं. आपण काही चुकीचं करत नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. माणसं शिकलेली आहेत, समोर बसून खरं सांगितलं तर समजेल त्यांना. स्वयंपाकाच्या दगडीबाईसुद्धा मुलांबरोबर गेल्या. जाताना म्हणाल्या, "चहा तुम्हीच ठेवा. साखर वरच्या डब्यात शे."

जीप दुपारी आली. पाहुणे दोघे होते, चष्मा लावलेले एक साहेब आणि एक वयस्क बाई. रतिलालभाईंनी उतरल्याउतरल्या अंगणावर नजर फिरवली आणि मग लीलाधरकडे पाहिलंच नाही.

"मुलं कुठायत?" बाईंनी विचारलं.

"दिवाळीला गेलीत."

बाई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. "अहो, परवा तिळगूळ खाल्ला आम्ही."

"यांची दिवाळी आज असते."

साहेबांनी चष्मा पुसला. "पण दिवाळीची सुट्टी तुम्ही ऑक्टोबरमध्येच दिली होती. आम्हाला तसं कळवलंय."

"ती संस्थेची दिवाळी."

"म्हणजे दोन?"

"प्रत्येक पाड्याची वेगळी असते, साहेब. डोंगरात वीस-पंचवीस तरी होतात."

आपण खरं बोलतोय आणि दर वाक्यागणिक आणखी खोटे ठरतोय, हे लीलाधरला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. तरी तो बोलत राहिला. "यांची सोमवारीच होती. तुम्ही सोमवारी येणार म्हणून मी ती पुढे ढकलली."

"तुम्ही ढकलली," साहेब म्हणाले. "दिवाळी."

"ढोल ऐका, अजून वाजतोय." त्याने डोंगराकडे हात केला. सगळ्यांनी कान दिले. सकाळपासून चाललेला ढोल बंद होता. पंगती बसल्या असाव्यात.

"वर जाऊ या ना," लीलाधर म्हणाला. "नाल्यापर्यंत जीप जाते, पुढे थोडं चालायचं. सगळी मुलं तिथे भेटतील."

बाईंनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग रतिलालभाईंकडे. "हे असं असतं का हो इथे?"

लीलाधरनेही रतिलालभाईंकडे पाहिलं. या माणसाला त्याने तीनदा सांगितलं होतं, चारचौघांत सांगितलं होतं. एक 'हो' पुरेसं होतं.

"चालीरीती असतात काहीबाही," रतिलालभाई म्हणाले. "पण मुलं आजच का सोडली, ते लीलाधरच सांगू शकेल."

पाहुण्यांनी खोल्या पाहिल्या. घड्या घातलेल्या घोंगड्या पाहिल्या, थंड चूल पाहिली. लीलाधरने चहा केला. तो अर्धाच घेऊन ते निघाले.

शनिवारी लीलाधर पहिल्या एस्टीने जळगावला गेला. रतिलालभाईंनी त्याला बसवलं, केळीचे वेफर पुढे ठेवले. पाहुणे निर्णय सांगून गेले होते. जूनपासून धुळे.

"तुम्हाला ठाऊक होतं," लीलाधर म्हणाला. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला ठाऊक होतं आणि तरी मी गुरुवार धरला, असं त्यांच्यासमोर सांगू?" रतिलालभाई चिडले नव्हते. "मग धुळ्याची मदतही गेली असती. धुळ्याला जागा मोठी आहे, लीलाधर. पक्की इमारत आहे."

"एकही पोर जाणार नाही तिथे."

"ते त्यांनी ठरवायचं."

लीलाधरने वेफरला हात लावला नाही. संध्याकाळी तो परतला तेव्हा मुलं अंगणात होती. काल ती सगळी, एक न चुकता, आपणहून परत आली होती. आज बिजला आबाही आले होते, धोतराच्या सोग्यात बोरं घेऊन. मोगरा ती वाटत होती.

"पाहुना काय बोलना?" आबांनी विचारलं.

लीलाधरने सांगितलं. काही लपवलं नाही. आबा एक बोर बोटांत फिरवत ऐकत राहिले.

"आम्ही एकडाव ढकलली," ते शेवटी म्हणाले. "त्यास्नी पण येवानी तारीख ढकलली. बराबर शे." मग त्यांनी खाकरून घसा साफ केला. "भाऊ, आम्ही पुढली दिवाळी तुमनाच दिवशी करू. यावलवाला करतस त्या दिवशी. ज्वारी शेतात राही तर राहू दे. मी बोलसू पाड्यात. मंग पाहुना मानी का?"

अंगणात मुलं बोरांच्या बिया कोण लांब थुंकतं ते पाहत होती. मोगराने हात थांबवला. ती ऐकत होती.

"नका करू, आबा."

"का नको? पोरं तर राहतीन आठे." आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "कधी येस यंदा तुमनी दिवाळी? दिवस सांगी ठेवा."

लीलाधरच्या मागे भिंतीला नव्या वर्षाचं कॅलेंडर टांगलेलं होतं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.